चौथ्या मजल्यावरची नऊ मिनिटं

वृक्षदर्शी नावाचं नवं सॉफ्टवेअर पहिल्यांदा पडद्यावर उघडलं तेव्हा हेमलता ठोंबरे खुर्चीतून उठून उभीच राहिली.

अमरावतीच्या त्या सहाशे खाटांच्या रुग्णालयाचं नेटवर्क ती एकवीस वर्षं सांभाळत होती. दोनशे चौदा स्विच, साडेआठ हजार उपकरणं, शंभर किलोमीटरहून जास्त केबल. पण हे सगळं तिने एकत्र असं कधी पाहिलंच नव्हतं. पाहणार कसं? ते छताच्या पोकळीत होतं, भिंतींच्या आत होतं, जिन्याखालच्या कुलूपबंद कपाटांत होतं. उरलेलं तिच्या डोक्यात, आणि ‘फायनल नवीन ३’ नावाच्या एका फाइलमध्ये.

आता ते समोर होतं. तळघरातल्या मुख्य स्विचपासून एक जाड खोड वर निघालं होतं, प्रत्येक मजल्यावर त्याला फांद्या फुटल्या होत्या, फांद्यांना डहाळ्या, आणि डहाळ्यांच्या टोकांना ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे एक उपकरण. अतिदक्षता विभागातले मॉनिटर लाल, एक्स-रेची यंत्रं निळी, औषधांचं कोठार पिवळं, नातेवाइकांसाठीचं मोफत वायफाय हिरवं. मार्च २०४१ मधली ती एक साधी दुपार होती. हेमलता एकावन्न वर्षांची होती, आणि आपण आयुष्यभर केलेलं काम दिसतं कसं, हे तिला त्या दुपारी कळलं.

या झाडाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं.

स्विच म्हणजे केबल जोडायच्या तोंडांची एक पेटी. एका तोंडातून आलेला निरोप योग्य त्या दुसऱ्या तोंडातून पुढे पाठवायचा, एवढंच तिचं काम. निरोप कुणाचा ते कळलं नाही, तर ती त्याच्या प्रती काढून सगळ्याच तोंडांतून पाठवते. आता दोन पेट्यांमध्ये, किंवा एकाच पेटीच्या दोन तोंडांमध्ये, चुकून एक वर्तुळ तयार झालं, तर पाठवलेली प्रत फिरून परत येते, तिच्या पुन्हा प्रती निघतात, त्या पुन्हा फिरून येतात. काही सेकंदांत लाखो प्रती होतात आणि खऱ्या निरोपाला जायला जागाच उरत नाही. सगळं नेटवर्क आपल्याच आवाजाने बहिरं होतं.

वर्तुळ होऊच द्यायचं नाही म्हणावं, तर तेही जमत नाही. एक केबल उंदराने कुरतडली तर दुसरी असावी, म्हणून मोठ्या इमारतीत जादा रस्ते ठेवावेच लागतात. म्हणून पेट्या दर दोन सेकंदांनी एकमेकींना एक छोटी हाक देतात. सगळ्या मिळून एकीला मूळ ठरवतात, मुळापर्यंतचा सगळ्यात जवळचा रस्ता उघडा ठेवतात आणि जादा रस्ता मिटून घेतात. तो तोडत नाहीत, फक्त गप्प ठेवतात. मग जे उरतं त्यात एकही वर्तुळ नसतं. ते झाड असतं. जाणकार त्याला स्पॅनिंग ट्री म्हणतात. रंगांचं म्हणाल, तर त्याला व्हीलॅन म्हणतात: एकाच केबलमधून जाणारे, पण एकमेकांना न दिसणारे वेगवेगळे रस्ते. नातेवाइकाच्या मोबाइलमधला सिनेमा आणि रुग्णाच्या हृदयाचे ठोके एकाच तारेतून जातात आणि त्यांची कधी भेट होत नाही, ती यामुळे.

हे सगळं जुनंच होतं. वृक्षदर्शीत नवं होतं ते वेगळंच. पडद्याच्या तळाशी एक पट्टी होती. ती डावीकडे सरकवली की काळ मागे जायचा.

रुग्णालयातलं प्रत्येक यंत्र स्वतःची एक तोडकीमोडकी रोजनिशी लिहीत असतं. लिफ्ट लिहिते, दाराचं कुलूप लिहितं, मॉनिटर लिहितो: मला कोण ऐकू आलं, कोण ऐकू आलं नाही. पण प्रत्येकाचं घड्याळ थोडं पुढे नाहीतर मागे, आणि पानं मध्येच गायब. त्यामुळे या रोजनिश्या वर्षानुवर्षं नुसत्या साठून होत्या. मग दोन-तीन वर्षांपूर्वी संशोधकांच्या लक्षात आलं, की प्रत्येक यंत्राचं घड्याळ चुकतं, पण अगदी ठरावीक पद्धतीने चुकतं, माणसाच्या चालीसारखं. ती चाल ओळखली, की हजारो फाटक्या रोजनिश्या एकमेकींना सेकंदापर्यंत अचूक जोडता येतात. वृक्षदर्शीने रुग्णालयाच्या सोळा वर्षांच्या रोजनिश्या चार दिवस वाचल्या आणि त्या सगळ्या काळाचं झाड बांधून दिलं. जिथे खात्री नाही तिथे रेघ फिकट, जिथे खात्री आहे तिथे ठळक.

हेमलताने आधी गंमत म्हणून पट्टी मागे नेली. नवी इमारत सुरू झाली तो दिवस पाहिला, एका रात्रीत फुटलेल्या चाळीस फांद्या पाहिल्या. मग तिचा हात आपोआप १९ जुलै २०३३ वर गेला.

त्या दिवशी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी चौथ्या मजल्यावरचं नेटवर्क नऊ मिनिटं बंद पडलं होतं. चौथ्या मजल्यावर हृदयरुग्णांचा अतिदक्षता विभाग होता. सात नंबरच्या खाटेवर विलास राऊत नावाचे सेहेचाळीस वर्षांचे एसटी कंडक्टर होते. शस्त्रक्रियेचा दुसरा दिवस. त्यांच्या हृदयाचे ठोके बिघडले, मॉनिटरने इशारा पाठवला, पण परिचारिकांच्या टेबलावरचा पडदा गोठलेला होता. विलास राऊत वाचले नाहीत.

चौकशीत निघालं ते असं. केबलचं काम पाहणारे तंत्रज्ञ दिवाकर तायडे त्याच वेळी चौथ्या मजल्याच्या स्विचच्या रॅकसमोर होते. एक खराब केबल बदलताना त्यांनी नवीन केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचला लावली. वर्तुळ झालं. ‘मला केबलवरची खुणेची चिठ्ठी चुकीची दिसली,’ एवढंच दिवाकरभाऊ म्हणाले. समितीने हेमलताला एकच प्रश्न विचारला होता: वर्तुळ रोखणारी यंत्रणा चालू होती का? हेमलताने समितीपुढे येण्याच्या आदल्याच दिवशी स्विच उघडून तपासलं होतं. ती म्हणाली, ‘हो, चालू होती.’ मग ती चालू असतानाही एवढं कसं झालं, याचा अर्थ समितीने असा लावला, की दिवाकर तायड्यांनी आणखीही काहीतरी केलं असणार आणि ते लपवत असणार. त्यांना काढून टाकलं. निष्काळजीपणाची पोलीस केस तीन वर्षं चालली आणि पुराव्याअभावी ते सुटले.

हेमलताने पट्टी त्या दिवसाच्या सकाळी अकरा-एकोणीसवर आणली आणि चौथा मजला मोठा केला. झाडाच्या त्या फांदीवर चोवीस तोंडं होती. प्रत्येक तोंडाशी दर दोन सेकंदांनी एक छोटी लकेर उमटायला हवी होती, ती हाक. इतर सगळ्या मजल्यांवर ती लकलकत होती. इथे चोवीसच्या चोवीस तोंडं शांत होती. रेघ ठळक होती. खात्री सत्त्याण्णव टक्के.

तिने पट्टी आणखी मागे नेली. अकराला शांत. नऊला शांत. पहाटे शांत. आदल्या संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी लकेरी होत्या, बेचाळीसला नव्हत्या. ती दोन मिनिटं तिने पुन्हा पाहिली. मध्ये एकच घटना होती. स्विचवर कुणीतरी बाहेरून दोन आज्ञा दिल्या होत्या. त्या कुणी दिल्या, तेही लिहिलेलं होतं.

एच. ठोंबरे.



आता तिला आठवलं. त्या आठवड्यात नवे मॉनिटर आले होते. केबल लावली की स्विच ते तोंड लगेच उघडत नसे. आधी अर्धा मिनिट वर्तुळ नाही ना ते पाहत असे. तेवढ्यात मॉनिटर ‘नेटवर्क नाही’ म्हणून ओरडायचे आणि परिचारिका वैतागायच्या. तिला फक्त एक आज्ञा द्यायची होती: थांबू नकोस, लगेच उघड. पण ती दिल्यावरही दोन मॉनिटर अडले, म्हणून तिने तपासण्यापुरती दुसरीही दिली: या तोंडांतून हाक देऊ नकोस, आलेली ऐकूही नकोस. उद्या काढून टाकू म्हणून तिने ती कायमची जतन केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक होती. अकरा-वीसला वर्तुळ झालं, आणि ते थांबवायला फोनवरून ‘रॅकची वीज काढा’ असं सांगितलं, तेही तिनेच. स्विच पुन्हा सुरू झाला तेव्हा जतन न केलेली आज्ञा पुसली गेली होती. नंतर तपासलं तर सगळं जागेवर.

आपण त्या संध्याकाळी काहीतरी टाइप केलं होतं, हे तिला तेव्हाही आठवत होतं. नेमकं काय, ते आठवत नव्हतं. आणि सेटिंग स्वच्छ दिसल्यावर आपल्याला किती हायसं वाटलं होतं, ते मात्र आज लख्ख आठवलं. तिने पुढे विचार केला नव्हता. तिला तो करायचाच नव्हता.

पडद्याच्या कोपऱ्यात वृक्षदर्शीने एक चौकट उघडली होती. रुग्णालयाच्या नव्या नियमाप्रमाणे सात वर्षांहून जुन्या नोंदी या महिन्याच्या अखेरीस पुसायच्या आहेत. संमती द्यावी. खाली दोन बटणं होती. संमती द्यायचा अधिकार नेटवर्क प्रमुखाचा, म्हणजे तिचाच होता.

तिने कुठलंच बटण दाबलं नाही. संगणक बंद केला आणि घरी गेली.

*

निशिकांत शाळेत विज्ञान शिकवत असे. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी तो पोह्यांसाठी कांदा चिरत होता, आणि तिने ओट्याला टेकून त्याला सगळं सांगितलं. त्याची सुरी थांबली.

“तू मुद्दाम केलं नाहीस,” शेवटी तो म्हणाला.

“दिवाकरभाऊंनी तरी कुठे मुद्दाम केलं होतं?”

“हेमा, आठ वर्षं झाली. तो माणूस आता कुठेतरी स्थिरावला असेल. तुझी नोकरी, तुझं नाव... आणि राऊत काही परत येणार आहेत का?”

“नाही.”

“मग कुणाचं भलं होणार आहे?”

ती म्हणाली, “केस चालू होती तेव्हा ते मला एकदा कोर्टाबाहेर भेटले होते. मी नजर चुकवत होते, तेच जवळ आले. म्हणाले, मॅडम, तुमचा काही दोष नाही, माझ्या हातून माणूस गेला. निशिकांत, त्यांनी रोज उठून हेच म्हटलं असणार. आठ वर्षं. आणि ते खरं नाहीये. नुसती त्यांची केबल असती ना, तर ते तोंड आपोआप बंद झालं असतं. एक नारंगी दिवा लागला असता, बस. अशा चुका दर आठवड्याला होतात. मी स्वतः केल्यात.”

निशिकांतने कांदा बाजूला सारला. “मी येऊ का तुझ्याबरोबर?”

“नको,” ती म्हणाली. “पण आधी खाऊन घेते.”

*

चांदूर बाजारला दिवाकर तायड्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. पत्र्याच्या शेडमध्ये जळालेल्या पंपांची रांग, तांब्याच्या तारेची रिळं, आणि वॉर्निशचा उग्र वास. ते स्टुलावर बसून एका मोटारीच्या खाचांमध्ये बोटांनी तार बसवत होते. केस पूर्ण पांढरे झाले होते. त्यांनी वर पाहिलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

“मॅडम? तुम्ही इकडे कशा?”

“तुम्हाला काही दाखवायचंय, दिवाकरभाऊ.”

त्यांनी आतून एक खुर्ची आणली, फडक्याने पुसली. चहा सांगतो म्हणाले, तर ती नको म्हणाली. मग तिने मांडीवर लॅपटॉप उघडला आणि कसलीही प्रस्तावना न करता चौथा मजला दाखवला.

झाड पाहून क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. “अरे, हा तर आपला जिन्याखालचा रॅक! इथून ती केबल मी सरळ छतातून नेली होती. हे पाहा, तशीच दिसते.”

“हो. आता ही तारीख पाहा.”

तारीख पाहिल्यावर त्यांचा हात मागे गेला.

हेमलताने हळूहळू सांगितलं. लकेरी म्हणजे काय, त्या कुठे असायला हव्या होत्या, कुठे थांबल्या, कधी थांबल्या. शेवटी ते नाव दाखवलं. आपलं नाव ती मोठ्याने वाचून म्हणाली, “ही मी आहे.”

दिवाकरभाऊंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पडद्याजवळ वाकून ती ओळ स्वतः वाचली. दोनदा वाचली.

“म्हणजे माझी केबल लागल्यावर...”

“तोंड बंद झालं असतं. दिवा नारंगी झाला असता. तुम्ही पाहिला असता आणि केबल काढली असती.”

“आन् काहीच झालं नसतं?”

“काहीच नाही.”

ते उठले. मोटारीपाशी गेले, तिला हात लावला, परत आले. पुन्हा गेले. त्यांची पाठ तिच्याकडे होती.

“तुमाले तेव्हा माहीत होतं?”

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. गाडीत तिने त्याची चार उत्तरं तयार केली होती. त्यातलं एकही तिने दिलं नाही.

“माहीत नव्हतं. पण मी शोधलंही नाही. संशय होता, दिवाकरभाऊ. मनाच्या कोपऱ्यात होता. सगळं ठीक दिसल्यावर मी तो उकरून पाहिला नाही.”

ते गर्रकन वळले. “माझी पोरगी नर्सिंगला जानार होती. तिनं नाही म्हनलं. बाबा, मले त्या वासाचीच भीती वाटते म्हने. माझी बायको सांजेला दिवा लावते तेव्हा दर वेळी त्या राऊतासाठी हात जोडते. दर वेळी, मॅडम! मी जेवतो तेव्हा वाटते, हा हात. याच हातानं.” त्यांनी हात पुढे धरला. बोटांवर वॉर्निश वाळून पिवळं झालं होतं. “आन् तुम्ही उकरून नाही पाहिलं.”

हेमलताच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती रडली नाही. आपण रडलो तर यांनाच आपली समजूत घालावी लागेल, हे तिला कळत होतं.

“मी हे सगळं लिहून देणार आहे,” ती म्हणाली. “समितीला. पण आधी तुम्हाला सांगायचं होतं.”

“जा आता,” दिवाकरभाऊ म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “आज मले काही बोलू नका. जा.”

ती गेली. 

*

सोमवारी ती रुग्णालयाच्या संचालक डॉ. उर्मिला किटुकले यांच्यासमोर बसली. किटुकलेबाईंनी तिचं दोन पानी निवेदन वाचलं, चष्मा काढला, डोळे चोळले.

“वकील मला काय सांगतील माहीत आहे तुम्हाला? की नियम नोंदी पुसा म्हणतो, तर पुसा. नियम पाळणं गुन्हा नाही.”

“माहीत आहे.”

“तुम्ही आधी माझ्याकडे यायला हवं होतं, तायड्यांकडे नाही.”

“तुमच्याकडे आधी आले असते, तर कदाचित तुम्ही मला थांबवलं असतं. आणि मी थांबलेही असते.”

किटुकलेबाई दोनच वर्षांपूर्वी नागपूरहून आल्या होत्या. त्या जुन्या दिवसाचं त्यांच्या अंगाला काही लागत नव्हतं. हे प्रकरण दाबून टाकणं त्यांना फार सोपं होतं.

“सत्त्याण्णव टक्के म्हणता. आणि उरलेले तीन?”

“त्यासाठीच चौकशी हवी. आणि चौकशीसाठी नोंदी हव्यात.”

किटुकलेबाईंनी पेन उचललं. “खाली तारीख घाला. पुसण्याला मी स्थगिती देते. पण ठोंबरे, चौकशी सुरू झाली की मी तुम्हाला त्या खुर्चीत ठेवू शकणार नाही.”

“हो,” हेमलता म्हणाली. चाव्यांचा जुडगा तिने पर्समधून आणूनच ठेवला होता.

*

नवी समिती नेमली गेली. एक निवृत्त न्यायाधीश आणि बाहेरचे दोन तज्ज्ञ. तज्ज्ञांनी वृक्षदर्शीचं झाड स्वतंत्रपणे पुन्हा बांधलं, तेच उत्तर आलं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दिवाकर तायड्यांना जबाबासाठी बोलावलं. ते येतील की नाही, हेमलताला खात्री नव्हती. त्या रविवारनंतर त्यांचा एकही फोन नव्हता. ते आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, आणि तिच्याकडे न पाहता पलीकडच्या खुर्चीत बसले.

न्यायाधीश भले गृहस्थ होते. ते म्हणाले, “तायडे, तुमच्यावर मोठा अन्याय झाला. खुणेची चिठ्ठीही चुकीची असू शकते, असं तज्ज्ञ म्हणतात. तेव्हा तुमच्याकडून काहीच चूक झाली नाही, असं आम्ही नोंदवू शकतो.”

दिवाकरभाऊंनी मान हलवली. “नाही साहेब. चिठ्ठी चुकीची होती का नव्हती, ते आता कोनाले माहीत? केबलची दोन्ही टोकं मीच लावली. मी घाईत होतो, मागची निशानी पाहिली नाही. ते तसंच लिहा.”

“त्याने तुमचं नुकसान होईल.”

“आठ वर्षं लोकांनी माझ्या नावावर पूर्ण मरन लिहिलं साहेब. मी ते वाहिलं. आता माझं जेवढं आहे तेवढंच लिहा. कमी नको, जास्त नको.”

मग पहिल्यांदा त्यांनी हेमलताकडे पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती. पण दुकानात होतं ते काहीतरी गेलं होतं.

निकाल जूनमध्ये आला. दिवाकर तायड्यांची बडतर्फी रद्द झाली. रुग्णालयाने जाहीर माफी मागितली आणि परत येण्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, दुकान आहे, पंप पडून आहेत, शेतकरी खोळंबतात. हेमलताचं पद गेलं. तिला साध्या अभियंत्याच्या जागेवर, देखभालीच्या पाळीत घेतलं गेलं, आणि तिच्या सेवापुस्तकात जे लिहायचं ते लिहिलं गेलं. निशिकांतने ते वाचून शांतपणे घडी घालून ठेवलं.

*

जूनच्या अखेरीस एका दुपारी किटुकलेबाईंचा फोन आला. विलास राऊतांच्या पत्नी आल्या आहेत. त्यांना ते झाड पाहायचंय. दाखवाल का? त्यांनी तायड्यांनाही बोलावून घेतलंय.

वैजयंता राऊत परतवाड्याच्या एका अंगणवाडीत काम करत होत्या. उंच, सावळ्या, हातात कापडी पिशवी. प्रशिक्षणाच्या छोट्या खोलीत त्या पडद्यासमोर बसल्या. दिवाकरभाऊ दाराशी उभेच राहिले.

“मी तुमच्यावर ओरडायला आले नाही, ताई,” वैजयंताबाई हेमलताला म्हणाल्या. “ओरडून झालं माझं, हे दाराशी उभे आहेत ना, यांच्यावर. कोर्टात यांना पाहिलं की मला वाटायचं, धरणी फाटावी आणि या माणसाने आत जावं. आता म्हणता, चूक दोघांची. राग वाटून घेतला की कमी होतो का हो?”

त्या पडद्याकडे वळल्या.

“हे मशीन सांगतं का, ते वाचले असते का?”

“नाही. ते मशीनला कळत नाही. डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही. वाचले असते कदाचित. मी खोटं सांगणार नाही.”

“मग मला ते कुठे होते तेवढं दाखवा.”

हेमलताने चौथा मजला उघडला. सात नंबरची खाट, लाल ठिपका. तिने पट्टी अकरा-वीसवर आणली. वर्तुळाच्या जागी पडदा पांढराफटक पडला, पण लाल ठिपका दर दोन सेकंदांनी लुकलुकत राहिला.

“हे काय?”

“त्यांचा मॉनिटर. तो इशारा देत होता. पुढे पोचत नव्हता.”

वैजयंताबाईंनी पदर तोंडाशी धरला. हेमलता पट्टी थांबवायला गेली, तर त्यांनी हातानेच खुणावलं, चालू द्या.

अकरा-एकवीस. अकरा-बावीस. आणि मग हेमलता स्वतःच पुढे वाकली. समितीसाठी तिने हे कितीदा पाहिलं होतं, पण दर वेळी नजर त्या चोवीस तोंडांवर होती. खाटेकडे तिने कधी पाहिलंच नव्हतं. डाव्या बाजूने एक फिकट जांभळा ठिपका सरकत येत होता. तो पाच नंबरपाशी थांबला, सहापाशी थांबला, आणि अकरा-तेवीसला सातपाशी आला. तिथून तो हलला नाही. अकरा-एकोणतीसला पडदा परत रंगीत झाला, तरी तो तिथेच होता. पुढे आणखी चाळीस मिनिटं तिथेच होता.

“हे कोण?”

“थांबा.” हेमलताने ठिपक्यावर बोट ठेवलं. परिचारिकांच्या हातात असतो तो टॅब. नेटवर्क बंद असतानाही, जवळपास कुठलं यंत्र आहे ते तो स्वतःपुरतं लिहून ठेवत होता. नाव आलं: शकुंतला मेश्राम.

“सिस्टर मेश्राम,” दाराशी उभे असलेले दिवाकरभाऊ म्हणाले. “पहिल्या चौकशीत त्या सांगत होत्या, पडद्यावर काही नव्हतं तरी मी फेरीवर निघाले होते, मी त्यांच्याजवळ होते. कोनी ऐकलं नाही. दाराच्या कुलपात त्यांची नोंद नाही म्हनले.”

“म्हणजे ते...” वैजयंताबाई थांबल्या. “मला सांगितलं होतं, कोणाला कळलंच नाही. मी तेच धरून होते. ते एकटे तडफडत होते आणि जवळ कोणी नव्हतं. मी झोपेत पण तेच पाहते.”

“सुरुवातीची तीन मिनिटं ते एकटे होते,” हेमलता म्हणाली. “नंतर नव्हते.”

वैजयंताबाई त्या जांभळ्या ठिपक्याकडे पाहत राहिल्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

“ही बाई आहे का अजून?”

“भंडाऱ्याला असतात. रिटायर झाल्या, अजून फोन करतात मले,” दिवाकरभाऊ म्हणाले. खिशातून मोबाइल काढून ते पुढे आले, नंबर शोधला, लावला. पलीकडे घंटा वाजू लागल्यावर त्यांनी तो दोन्ही हातांनी वैजयंताबाईंपुढे धरला. त्यांनी घेतला.

“हॅलो,” त्या म्हणाल्या. “सिस्टर, तुम्ही मला ओळखणार नाही. सात नंबरच्या खाटेवर राऊत होते ना, त्यांची बायको बोलते.”

पलीकडून एक म्हातारा, कापरा आवाज बोलू लागला आणि बोलतच राहिला. वैजयंताबाई ऐकत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, “त्यांनी माझं नाव घेतलं?”

दिवाकरभाऊंनी हेमलताकडे पाहिलं. दोघंही खोलीबाहेर आले, आणि त्यांनी दार हळूच ओढून घेतलं.